हात नसलेल्याची खाज

कुत्र्याची जीभ आणि दात त्याच्या अंगावर बऱ्याच ठिकाणी पोचतात. पंजे चाटता येतात, मांडी पुढच्या दातांनी कुरतडता येते, वळून शेपटीच्या बुडाशीही तोंड नेता येतं. मागचा पाय मान, कान आणि गालाच्या मागच्या भागापर्यंत जातो. अडचण सुरू होते ती मुस्कटावर. जीभ नाकाच्या शेंड्याला लागते, पण नाकाच्या दांड्यावर किंवा डोळ्याखाली पोचत नाही. पुढचा पंजा तोंडावरून ओढता येतो, पण कुत्र्याचं मनगट मांजरासारखं वळत नाही, त्यामुळे नीट चोळणं काही जमत नाही. मागच्या पायाची जाड नखं डोळ्याशेजारी चालवणं तर जोखमीचंच. मग उरते ती आजूबाजूची वस्तू: सतरंजी, काथ्याचं पायपुसणं, सोफ्याची कड, अंगणातलं गवत, भिंतीचा कोपरा, माणसाचा गुडघा. जे काम आपण हाताने करतो ते कुत्रा जमिनीकडून आणि भिंतीकडून करून घेतो.

म्हणूनच तोंड घासण्याच्या एकाच हालचालीत कितीतरी कामं सामावलेली असतात. खरकटं पुसणं, अंगाला वास लावून घेणं, निव्वळ मजा, खाज, दुखणं, आत रुतलेलं काहीतरी काढायची धडपड. बाहेरून सगळं सारखंच दिसतं. "आमचा कुत्रा सारखं तोंड का घासतो?" असं विचारणाऱ्याला एकच उत्तर हवं असतं, आणि ते देता येत नाही. कधी घासतो, कशावर घासतो आणि एकाच बाजूने घासतो की दोन्ही, हे आधी पाहावं लागतं. यांतला शेवटचा प्रश्न मला सगळ्यांत मोलाचा वाटतो, आणि नेमकं तिकडेच बहुतेकांचं लक्ष गेलेलं नसतं.

कुत्र्याच्या खाजवण्याचा पद्धतशीर अभ्यास शंभराहून अधिक वर्षांपूर्वी झाला. चार्ल्स शेरिंग्टन हे इंग्रज शरीरशास्त्रज्ञ. मज्जासंस्थेवरच्या कामासाठी 1932 साली त्यांना एडगर एड्रियन यांच्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळालं. 1906 साली आलेल्या त्यांच्या ग्रंथात कुत्र्याच्या खाजवण्याच्या प्रतिक्षिप्त क्रियेवर बरंच लिहिलेलं आहे. कातडीला एक बारीकशी विजेची टाचणी लावायची, म्हणजे कुत्र्याला पिसू चावल्याचा भास होतो आणि मागचा पाय सेकंदाला साधारण चार वेळा, ठेका धरल्यासारखा हलू लागतो. मेंदूशी संबंध तोडलेल्या मज्जारज्जूतूनसुद्धा हे घडत होतं. आजच्या वाचकाला ते प्रयोग अस्वस्थ करतील, मलाही करतात. पण त्यांतून एक गोष्ट पक्की कळली: पाठ आणि बरगड्यांवर खोगीर टाकावं तसा एक पट्टा आहे, आणि तिथली खाज मेंदूला न विचारताही खाजवली जाते. पोटाच्या बाजूला गुदगुल्या केल्यावर आपल्या कुत्र्याची तंगडी हवेत चालते ती त्यामुळेच.

मुस्कट या पट्ट्याच्या बाहेर आहे. चेहऱ्याच्या संवेदना मज्जारज्जूतून जात नाहीत, मेंदूतून निघणाऱ्या पाचव्या मज्जातंतूवाटे जातात. आणि तोंड घासायचं तर कुत्र्याला जागा शोधावी लागते. तो उठतो, चालत जातो, हवी ती वस्तू निवडतो, पुढचे पाय दुमडतो, ढुंगण वर ठेवतो आणि एक गाल टेकवून पुढे सरकतो. म्हणजे यात ठेक्यावर हलणाऱ्या तंगडीपेक्षा बराच अधिक हेतू आहे.

आधी सुखाचं घासणं पाहू. जेवण संपल्यावर दहा-पंधरा सेकंद निरखून बघा. कुत्रा आधी जिभेने ओठ चाटतो, मग नाकाचा शेंडा. रश्शाचा किंवा दहीभाताचा लेप ओठांच्या कोपऱ्यात आणि मिशांच्या मुळाशी राहतोच. या मिशा म्हणजे साधे केस नव्हेत. प्रत्येकीचं मूळ रक्ताने भरलेल्या एका छोट्या पिशवीत रुतलेलं असतं आणि त्याला मज्जातंतूंचं दाट जाळं लगडलेलं असतं. वाऱ्याची झुळूकही त्या मुळाला कळते. अशा ठिकाणी अन्न चिकटून वाळायला लागलं तर चैन कशी पडेल? मग उजवा गाल सतरंजीवर, डावा गाल सतरंजीवर, मध्येच एक शिंक, घशातून एक तृप्त गुरगुर, आणि काम संपलं. दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या वेळ घासल्या जातात, वेळ ठरलेली असते, आणि हाक मारली की कुत्रा लगेच थांबून तुमच्याकडे बघतो. हे तीन गुण असलेल्या घासण्याची चिंता करू नये. सतरंजी धुवावी लागते, एवढंच. ओल्या सुती फडक्याने तोंड पुसून दिलं तर बरीच कुत्री तेही आनंदाने करून घेतात.

दुसरा निरुपद्रवी प्रकार वासाचा. मेलेला उंदीर, कुजकी मासळी, शेण असं काही दिसलं की कुत्रा आधी गाल टेकवतो, मग मान, मग खांदा, आणि शेवटी पाठीवर लोळतो. लांडगेही अगदी याच क्रमाने लोळतात. शिकारीला आपला वास येऊ नये म्हणून हा वेश घेतलेला असतो, असं पूर्वी सर्रास सांगितलं जाई, अजूनही सांगितलं जातं. पण 1986 साली कॅनडात पाळलेल्या लांडग्यांपुढे वेगवेगळे वास ठेवून पाहिले, तेव्हा गवत खाणाऱ्या जनावरांच्या विष्ठेत त्यांना फारसा रस वाटला नाही. अत्तर आणि इंजिन ऑईल अशा अनोळखी वासांवर मात्र ते तोंड घासत राहिले. हरणामागे लागणाऱ्या प्राण्याला अत्तराचा काय उपयोग? शिकारीच्या वेशाचं स्पष्टीकरण इथे लंगडं पडतं. नवा, तीव्र वास अंगावर घ्यायचा आणि कळपात न्यायचा, हे मला जास्त पटतं, कारण लोळून परतलेल्या लांडग्याला बाकीचे लांडगे बारकाईने हुंगतात. मांजर गाल घासतं तेव्हा ते गालावरच्या ग्रंथींचा वास वस्तूला लावत असतं. कुत्र्याची मालकीची सही मुख्यतः मुतण्यातून होते. गाल घासून तो वास देतो त्यापेक्षा घेतो अधिक. आंघोळीनंतर शांपूचा घमघमाट घेऊन तो थेट तुमच्या अंथरुणात शिरतो आणि तोंड घासतो, त्याला काही अंशी अंग कोरडं करायचं असतं आणि काही अंशी ओळखीचा वास परत हवा असतो. त्याला रागावू नये, जुनी चादर द्यावी.

आता खाजेकडे वळू. झामुएल हाफेनरेफर या जर्मन वैद्याने 1660 साली खाजेची जी व्याख्या केली, ती आजही चालते: खाजवण्याची इच्छा निर्माण करणारी नकोशी संवेदना. खाज आणि वेदना यांचं नातं चमत्कारिक आहे. घासल्याने थोडं दुखतं, आणि ते दुखणं खाजेचा निरोप काही काळ दाबून टाकतं. म्हणून घासताना सुख वाटतं. पण घासण्याने कातडीचा वरचा थर खरवडला जातो, आणि एरवी तिथे निमूट राहणारे स्टॅफिलोकॉकस जातीचे जिवाणू आणि मॅलासेझिया नावाची यीस्ट यांना रान मोकळं होतं. त्यांच्या संसर्गाने खाज आणखी वाढते. पहिलं कारण निघून गेल्यावरही कुत्रा घासत राहतो तो यामुळे. मुंबईत आणि कोकणात पावसाळ्यात कातडी आठवडेच्या आठवडे दमट राहते. तिथे हे चक्र फार लवकर सुरू होतं. कातडी तेलकट, लालसर होते आणि आंबूस वास यायला लागतो.

दोन्ही गाल, दोन्ही डोळ्यांभोवतीची कातडी, ओठांच्या कडा, शिवाय पंजे आणि काखा असं सगळं खाजत असेल, तर पहिला संशय अ‍ॅलर्जीवर घ्यावा. वातावरणातल्या कणांची अ‍ॅलर्जी साधारणपणे सहा महिने ते तीन वर्षांच्या वयात डोकं वर काढते. लॅब्रेडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, पग, जर्मन शेफर्ड, फ्रेंच बुलडॉग यांच्यात ती जास्त दिसते, पण आपली गावठी कुत्रीही त्यातून सुटलेली नाहीत. माणसाला परागांचा त्रास झाला की नाक गळतं, शिंका येतात. कुत्र्यात तीच तक्रार बहुतेक वेळा कातडीवर उतरते, हे पुष्कळांना माहीत नसतं. घरातल्या गाद्या-गिरद्यांत राहणारे धुळीतले सूक्ष्म कोळीवर्गीय जीव हे त्यातलं मोठं कारण, आणि दमट हवा त्यांना मानवते. पुण्यात 1950च्या दशकात नोंद झालेलं आणि पुढे देशभर पसरलेलं गाजर गवत माणसांच्या कातडीला किती छळतं हे आपण जाणतोच. फिरायला नेलेलं कुत्रं त्यातच नाक खुपसतं. घरी आल्यावर तोंड आणि पंजे साध्या पाण्याने धुऊन कोरडे केले तर काही कण तरी निघून जातात.

अन्नाची अ‍ॅलर्जी यापेक्षा कमी आढळते, पण वागते तशीच. बीफ, दुधाचे पदार्थ, चिकन आणि गहू ही तिची सगळ्यांत नेहमीची कारणं. आपल्याकडे घराघरांत कुत्र्याला जे मिळतं ते दूध-पोळी आणि चिकन-भात, म्हणजे यादीतले तीन पदार्थ रोजच्या ताटात. याचा अर्थ ते वाईट आहेत असा नाही. बहुतेक कुत्र्यांना ते पचतात आणि मानवतात. पण संशय असेल तर रक्ततपासणीवर पैसे घालवू नयेत, तिचा इथे भरवसा धरता येत नाही. खरी परीक्षा एकच: कुत्र्याने आजवर न खाल्लेलं मांस आणि एकच पिष्ट पदार्थ, किंवा डॉक्टरांनी सांगितलेलं खास अन्न, निदान आठ आठवडे. आणि मग जुनं अन्न पुन्हा देऊन खाज परतते का ते बघायचं. हे नव्वद टक्के घरांत फसतं असं कोणी म्हणालं तर मला आश्चर्य वाटणार नाही, कारण आजोबा चहाबरोबर अर्धं बिस्कीट देतातच. अर्ध्या बिस्किटाने सगळे आठवडे पाण्यात जातात. ज्या घरात हा प्रयोग करायचा त्या घरातल्या प्रत्येकाला, कामाला येणाऱ्या मावशींनाही, आधी बसवून समजावून सांगावं.

खाजेचं कारण कधी कधी अंगावर चालताना दिसतं. गोचीड कानाच्या आत आणि पापण्यांजवळ बसते, पिसवांचा त्रास मात्र मुख्यतः कमरेवर आणि शेपटीच्या बुडाशी. लूत लावणारा सार्कोप्टिस नावाचा किडा उघड्या डोळ्यांना दिसत नाही. त्याची एक साधी खूण डॉक्टर पाहतात. कानाच्या पाळीची कड बोटांत धरून काही सेकंद चोळायची. लूत असेल तर बहुतेक वेळा त्याच बाजूचा मागचा पाय खाजवल्यासारखा हलू लागतो. कानाच्या कडा आणि कोपरं खरखरीत झालेली, रात्रंदिवस खाज, आणि घरातल्या माणसांच्या हातांवर किंवा पोटावर बारीक लाल पुरळ, हे सगळं एकत्र दिसलं तर उशीर करू नये. घरात दुसरं कुत्रं असेल तर उपचार त्याच्यावरही लागतात.

घासणं एका बाजूचं असेल तर विचाराची दिशाच बदलते. अ‍ॅलर्जी डावा-उजवा असा भेद करत नाही. एकाच गालावर घासणारा कुत्रा आपल्याला जागा दाखवत असतो.

सगळ्यांत आधी कान. कुत्र्याच्या कानाची नळी सरळ आत जात नाही, आधी खाली उतरते आणि मग काटकोनात वळते. मळ, पाणी आणि यीस्ट त्या वळणावर साठून राहतात. डोकं एकीकडे कललेलं, कान फडफडवणं, तपकिरी मळ, आंबट वास. कान हुंगून पाहा, आजार आधी नाकाला कळतो. कापसाची काडी घालू नये, तिने मळ वळणाच्या पलीकडे ढकलला जातो.

मग दात. वरच्या जबड्यातली मोठी चिरदाढ तीन मुळांची असते आणि तिची मुळं जवळजवळ डोळ्याखालच्या हाडापर्यंत जातात. कठीण हाड फोडताना या दाढेचा टवका उडाला की काही महिन्यांनी मुळाशी पू होतो, आणि सूज दिसते ती डोळ्याखाली. कधी तिथली कातडी फुटून पू वाहतो. घरचे त्याला जखम समजून मलम लावत बसतात. जखम भरते, पुन्हा फुटते, कुत्रा तो गाल घासत राहतो. खरं मूळ तोंड उघडून पाहिल्याशिवाय आणि एक्स-रे काढल्याशिवाय सापडत नाही. चार ते सहा महिन्यांच्या पिल्लाचं घासणं मात्र वेगळं, त्याचे दुधाचे दात पडून पक्के येत असतात.

आणि आपल्या माळरानांची खास देणगी म्हणजे कुसळ. पावसाळा संपला, पठारं आणि डोंगरउतार पिवळे पडले की कुसळी गवताचं बी तयार होतं. एक बी तळहातावर घेऊन पाहा. टोकाला सुईसारखी अणी, तिच्यावर मागे वळलेले ताठ केस, आणि मागे लांब पिळदार शेपूट. हवेतला ओलावा बदलला की शेपटीचा पीळ सुटतो किंवा आवळतो आणि बी स्वतःभोवती फिरत पुढे सरकतं. मागे वळलेले केस त्याला परत येऊ देत नाहीत. ही सोय त्या गवताला जमिनीत शिरण्यासाठी मिळालेली आहे, पण नाकपुडी, कानाची नळी आणि पापणीचा कोपरा यांतही ती तितकीच चालते. ट्रेकला नेलेला किंवा मेंढ्यांमागे फिरणारा कुत्रा एकाएकी सपाट्याने शिंकायला लागतो, एका नाकपुडीतून रक्ताचा थेंब येतो, तो जमिनीवर नाक आपटतो, घासतो. दोन दिवसांनी शिंका कमी होतात आणि सगळ्यांना वाटतं बरं झालं. बी फक्त आणखी आत गेलेलं असतं. शिंका थांबल्या आणि एका बाजूचं घासणं उरलं, तर तपासणी टाळू नये. रस्त्यावरच्या कुत्र्यांत एकाच नाकपुडीतून वारंवार रक्त येण्याचं आणखी एक कारण म्हणजे संगातून आणि हुंगण्यातून पसरणारी एक गाठ. वेळेत निदान झालं तर ती औषधाने बरी होते.

डोळ्याची गोष्ट सगळ्यांत घाईची. एक डोळा मिटलेला, पाणी गळतंय आणि कुत्रा तो डोळा गादीवर घासतोय, तर बुबुळावर जखम असू शकते. पगसारख्या चपट्या तोंडाच्या कुत्र्यांचे डोळे पुढे आलेले, आणि नाकावरच्या घडीचे केस त्यांना टोचणारे. एका मोबाइल कंपनीच्या 2003 च्या जाहिरातीनंतर पग आपल्याकडे घरोघरी आला, पण त्या घडीत ओल साठते आणि ती रोज पुसून कोरडी करावी लागते, हे कुत्र्याबरोबर कोणी सांगितलं नाही. डोळ्यावरच्या जखमेला घासण्याने काही तासांत भोक पडू शकतं. गळ्यात प्लॅस्टिकची कॉलर घालून त्याच दिवशी दवाखाना गाठावा, आणि घरात पडलेले स्टिरॉइडचे थेंब अजिबात घालू नयेत.

अचानक सुरू झालेलं, बेभान घासणं हा वेगळाच वर्ग. मधमाशी चावली की तोंड सुजतं. सुजेबरोबर उलट्या किंवा धाप असेल तर थांबायला वेळ नाही. पहिल्या पावसात बाहेर पडलेला भेक तोंडात धरला तर त्याच्या कातडीवरच्या विषाने फेस येतो आणि कुत्रा पंजाने तोंड ओरबाडतो. मान खाली धरून तोंड पाण्याने धुवावं, पाणी घशात नाही तर बाहेर वाहिलं पाहिजे. हाडाचा किंवा लाकडाचा तुकडा टाळूवर दाढांच्या मध्ये आडवा बसला तरी असंच होतं. इथे एक गोष्ट मी ठळक करून सांगतो. जबडा लोंबतोय, लाळ गळतेय, गिळता येत नाही, म्हणून घशात हाड अडकलंय असं समजून उघड्या हाताने तोंडात बोटं घालू नका. रेबीजच्या एका प्रकारात नेमकं असंच दिसतं. कुत्रा अनोळखी असेल, लस झालेली नसेल किंवा वागणं बदललेलं असेल तर हात लावणं डॉक्टरांवर सोडा, आणि लाळ लागलीच असेल तर साबणाने पंधरा मिनिटं धुऊन लगेच लस घ्या.

भिंतीला डोकं टेकवून नुसतं दाबून उभं राहणं हे घासणं नव्हे. त्यात सरकणं नसतं, सुख नसतं, हाकेला ओ नसते. ते मेंदूच्या किंवा यकृताच्या आजाराचं लक्षण आहे.

घरगुती उपायांबद्दल मला कळकळीने लिहावंसं वाटतं, कारण त्यांनी केलेलं नुकसान कातडीवर दिसतं. लूत लागलेल्या कुत्र्याला जळकं ऑईल चोपडण्याची पद्धत अजून गावोगाव आणि गॅरेजच्या आसपास आहे. ते कातडी भाजतं आणि चाटलं की पोटात जातं. त्याच लुतीवर आज गोळ्या आहेत, अन्नातून देता येतात, आणि रस्त्यावरचं केस झडलेलं कुत्रं काही आठवड्यांत पुन्हा केसाळ झालेलं पाहायला मिळतं. दुखतंय म्हणून आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल देऊ नये, माणसाला चालणारी मात्रा कुत्र्याच्या जिवावर येऊ शकते.

दवाखान्यात जाण्यापूर्वी मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचं चित्रण करून न्यावं. टेबलावर चढवलेला कुत्रा घाबरून घासत नाही, आणि तुमच्या वर्णनात डावा-उजवा हमखास उलटतो. अ‍ॅलर्जी निघाली तर ती सहसा मुळापासून जात नाही, आटोक्यात राहते. कुत्र्याच्या शरीरात इंटरल्यूकिन-31 नावाचं प्रथिन खाजेचा निरोप मज्जातंतूंना देतं. त्याच्या निरोपाची वाट अडवणारी ओक्लासिटिनिब ही गोळी अमेरिकेत 2013 साली मंजूर झाली, आणि पुढे त्या प्रथिनालाच बांधून ठेवणारं इंजेक्शनही आलं. स्वस्त स्टिरॉइडही थोड्या दिवसांसाठी उत्तम काम करतात, फक्त ते स्वतःच्या मनाने चालू ठेवायचे नसतात. यीस्टचा किंवा जिवाणूंचा संसर्ग असेल तर त्याचं औषध बहुधा काही आठवडे चालतं. चार दिवसांत घासणं कमी झालं म्हणून ते सोडलं की महिन्याभरात तोच कुत्रा त्याच टेबलावर येतो. रोज रात्री खाजेला शून्य ते दहा असा एक आकडा द्यावा आणि कॅलेंडरवर लिहून ठेवावा. औषधाची मात्रा वाढवायची की उतरवायची, हे डॉक्टर त्या आकड्यांवरून ठरवू शकतात.